कविता आधी की कवीचं चरित्र आधी? (बालकवी, औदुंबर आणि भादलीचे रूळ)

निंबोणी

वाचनगटात नवा उपक्रम ठरतोय. एक लेखक, दोन महिने, त्याचं लेखन आणि चरित्र जोडीनं वाचायचं. पहिला मान बालकवींचा. पेच असा की निम्मी मंडळी म्हणतात चरित्र आधी वाचू, म्हणजे कविता 'कळतील'. माझं मत नेमकं उलट आहे.

त्र्यंबक बापूजी ठोमरे. जन्म १३ ऑगस्ट १८९०, धरणगाव. मृत्यू ५ मे १९१८, भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली, वयाची अठ्ठावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. ही शेवटची ओळ एकदा डोक्यात शिरली की 'औदुंबर'मधला काळा डोह डोह राहतच नाही, वाचणाऱ्याला तिथे रूळ दिसायला लागतात. आठ ओळींच्या कवितेवर केवढं हे ओझं!

तर प्रश्न दोन. क्रम काय ठेवावा? आणि लेखकाचं चरित्र वाचताना नेमकं काय तपासावं? 'वाचनाने माणूस समृद्ध होतो' छापाची उत्तरं नकोत, ती पाठ आहेत. कामाचं सांगा.

खानदेशी_खिचडी

भादली म्हणजे जळगाव आणि भुसावळच्या मधे. बाकी चालू द्या, मी केळी सोलून बसलोय.

तळटीप

कविता, मग चरित्र, मग पुन्हा कविता. पहिल्या फेरीत संग्रहाची प्रस्तावनासुद्धा वाचू नका. आपल्याकडच्या प्रस्तावना म्हणजे अर्धं चरित्र आणि अर्धी श्रद्धांजली. पंधरा-वीस कविता निवडा, प्रत्येकीखाली पेन्सिलीनं दोन ओळी लिहा: काय दिसलं, कुठे अडलं. चरित्र वाचून झाल्यावर या नोंदी खोडायच्या नाहीत. चरित्रानं आपलं वाचन कुठे वाकवलं ते समजायला तेवढाच पुरावा हाताशी राहतो.

चरित्र हातात घेतलं की आधी शेवटची पानं उघडा. संदर्भ दिलेत का? दिले असतील तर ते कुठे जातात? पत्रं, दप्तरं, जुनी नियतकालिकं यांच्याकडे, की आधी निघालेल्या दोन चरित्रांकडे? दुसरा प्रकार असेल तर विहीर तीच, पोहरा फक्त नवा.

मग एका कागदावर तीन रकाने आखा: घटना कधी घडली, कोणी नोंदवली, नोंद कधी झाली. तिसरा रकाना बहुतेक वाचक भरतच नाहीत आणि घोळ तिथेच असतो. बालकवींचंच बघा. ते नगरला कवी ना. वा. टिळकांच्या घरी राहिले, टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यांना रोज पाहिलं, म्हणून लक्ष्मीबाईंच्या आत्मचरित्रातला, 'स्मृतिचित्रे'तला ठोमरे हाडामांसाचा वाटतो. पण 'स्मृतिचित्रे'चे भाग छापून आले १९३४ ते ३६ या काळात, म्हणजे ठोमरे जाऊन सोळा ते अठरा वर्षं उलटल्यावर. अशा आठवणीतून स्वभाव, बोलण्याची लकब, घरातलं वातावरण खुशाल घ्यावं. तारखा आणि घटनांचा क्रम घेताना दुसरीकडे पडताळा बघावा. आणि त्या स्वतः जिथे हजर नव्हत्या तिथली हकीकत ही ऐकीव, मग ती कितीही गोड लिहिलेली असो.

भादलीची जी हकीकत सांगतात तिला हीच चाळणी लावा. रूळ ओलांडताना चप्पल तारेत अडकली, ती सोडवायला ते वाकले, तेवढ्यात मालगाडी आली. दुसऱ्या बाजूला आत्महत्येची कुजबुज. पहिल्या हकीकतीला एकच प्रश्न विचारायचा: चप्पल अडकताना पाहिली कोणी? त्या साक्षीदाराचं नाव हकीकतीबरोबर येतं का? दुसरीला विचारायचं: कवितांतली उदासी सोडली तर आणखी कोणता पुरावा आहे? कवितेवरून मृत्यू ठरवायचा आणि त्या मृत्यूवरून कविता लावायची, हा गोल गोल फिरणारा युक्तिवाद.

अडगळ

बालकवी स्वतः लिहून गेलेत, 'कोठुनि येते मला कळेना उदासीनता ही हृदयाला'. कवी म्हणतो कळेना. चरित्रकार म्हणतो, थांबा, मला कळलंय, पान ८७ बघा. :D

खानदेशी_खिचडी

@अडगळ, =)) आणि पान ८७ वर कारण काय, तर 'आर्थिक विवंचना'. सगळ्या मराठी कवींना एकच रोग.

कंदील

तळटीप यांच्या गोलाकार युक्तिवादाला परदेशी जोड. इंग्रज कवी किट्सबद्दल वर्षानुवर्षं सांगितलं गेलं की वाईट परीक्षणांनी त्याचा जीव घेतला. १८१८ साली नियतकालिकांनी त्याच्या दीर्घकाव्याची सालटी काढली हे खरं. तो गेला २३ फेब्रुवारी १८२१ ला, रोममध्ये, पंचविसाव्या वर्षी. पण गेला क्षयानं. धाकटा भाऊ टॉम १८१८च्या डिसेंबरमध्ये क्षयानंच गेला होता आणि त्याची शुश्रूषा किट्सनं केली होती. 'टीकेनं मारलेला कवी' ही कथा शेलीनं आपल्या शोककाव्यातून पसरवली, बायरननं तिची टिंगल केली, आणि त्या टिंगलीनंही तीच कथा पक्की झाली.

आता तिसरा रकाना. फेब्रुवारी १८२० मध्ये खोकल्यातून रक्त पडलं, किट्सनं मेणबत्तीच्या उजेडात त्याचा रंग पाहिला आणि हे धमनीतलं रक्त आहे, आता सुटका नाही, असं म्हटलं. हा प्रसंग प्रत्येक चरित्रात असतो. किट्स वैद्यकी शिकलेला होता, त्यामुळे पटतोही. पण तो आपल्याला कळतो मित्र चार्ल्स ब्राउनमुळे, आणि ब्राउननं तो सविस्तर लिहिला १८३६च्या सुमारास. घटना खरी असेल, वाक्यं जशीच्या तशी असतील असं धरून चालू नये.

पहिलं भरभक्कम चरित्र मिल्न्स यांचं, १८४८. त्यात त्याच्या प्रेयसीचं, फॅनी ब्रॉनचं नाव नाही. ती तेव्हा हयात होती, लग्न होऊन संसारात होती. किट्सची तिला लिहिलेली पत्रं बाहेर आली १८७८ मध्ये. म्हणजे तीस वर्षं लोक एका प्रेमकवीचं चरित्र त्याच्या प्रेयसीशिवाय वाचत होते. चरित्रात काय आहे याच्याबरोबर ते निघालं तेव्हा कोण कोण जिवंत होतं, हेही बघायला हवं.

कावेरी_काठ

@कंदील, हाच प्रकार इंग्रज कादंबरीकार शार्लट ब्राँटीचा. ती गेल्यावर वडिलांनीच एलिझाबेथ गॅस्केलना चरित्र लिहायला सांगितलं. १८५७ मध्ये पुस्तक आलं, खटल्याच्या धमक्या आल्या, आवृत्त्या मागे घ्याव्या लागल्या आणि सुधारलेली तिसरी आवृत्ती त्याच वर्षी काढावी लागली. गंमत म्हणजे ज्यावर वाद झाला ते पुस्तकात होतं, आणि खरी मोठी गोष्ट गॅस्केलबाईंनी जाणूनबुजून गाळली होती: ब्रसेल्समधले विवाहित शिक्षक एजे, आणि शार्लटनं त्यांना लिहिलेली पत्रं. ती छापली गेली १९१३ मध्ये. घरच्यांनी सांगून लिहवलेलं चरित्र वाचताना 'काय नाही' याची एक यादी करत जावी. लग्न, पैसा, भाऊबंदकी, आजार. यापैकी एखाद्या गोष्टीवर अख्ख्या पुस्तकात अक्षर नसेल तर बहुधा तिथेच काहीतरी दडवलेलं असतं.

गाथाळ

मंडळी, सगळे एकाच बाजूला झुकलात. कविता आधी, चरित्र नंतर, हे छापखान्याच्या काळातल्या कवींना ठीक. तुकोबांचं काय कराल? संतचरित्रं लिहिणाऱ्या महिपतींचा 'भक्तविजय' १७६२चा, 'भक्तलीलामृत' १७७४चं. महिपतींचा जन्मच १७१५चा, तुकोबांनंतर पासष्ट वर्षांनी. तुमच्या तिसऱ्या रकान्यात शंभराहून जास्त वर्षांची फट पडते. तिथे चरित्राचा मुख्य पुरावा खुद्द कविता आहे.

'याति शूद्र वैश केला वेवसाव' हा अभंग घ्या. 'दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥' १६३०चा दख्खनचा दुष्काळ इतिहासाला स्वतंत्रपणे माहीत आहे, आणि तो इथे एका घरात शिरलेला दिसतो. त्याच अभंगात देऊळ दुरुस्त करणं आहे, कीर्तन आहे, कवित्व आहे आणि 'बुडविल्या वह्या बैसलों धरणें । केलें नारायणें समाधान' हेही आहे. आता कवितेत जीवन शोधू नका म्हणता, मग हे काय आहे?

तळटीप

@गाथाळ, मुद्दा मान्य, पण वाचायची रीत तीच लागते. त्या अभंगात काय आहे आणि काय नाही ते ओळ लावून बघा. वह्या बुडवल्या, धरणं धरलं, नारायणानं समाधान केलं. इंद्रायणीच्या काठावर जमलेली गर्दी, तिच्यादेखत तरंगत वर येणाऱ्या वह्या, हा देखावा त्या अभंगात नाही. तेरा दिवसांचा निग्रह आणि पाण्यात राखलेले कागद यांचे उल्लेख गाथेत दुसरीकडे, वेगळ्या अभंगांत येतात. आपल्या डोळ्यांपुढे मात्र कीर्तनातला, चित्रातला, सिनेमातला प्रसंग असतो आणि तो आपण अभंगावर चिकटवतो. आधी चरित्र वाचलं की जे होतं ते हेच.

शिवाय 'मी' म्हणणारा प्रत्येक अभंग आत्मकथन नसतो. संतांनी फुगडी घालणारीच्या, विंचू चावलेल्याच्या तोंडूनही बोलून घेतलंय. ज्यात गावाचं, घरातलं, तपासता येईल असं काही आहे ते वेगळं ठेवा.

गाथाळ

ठीक. पण एक भर घाला. समकालीन साक्ष अगदीच शून्य नाही. शिऊरच्या बहिणाबाई तुकोबांच्या शिष्या, आणि त्यांनी आत्मपर अभंग लिहिलेत. महिपतींच्या आधी तिकडे जावं.

अवखळ_आजी

गंभीर साहित्य वाचायचंच कशाला, हे कोणी विचारत नाहीये म्हणून मी विचारते. चरित्रं मजेदार असतात. भांडणं, प्रेमं, कर्ज. कविता मात्र 'लावावी' लागते. सरळ चरित्रच वाचून मोकळं व्हावं की!

पाणवठा

@आजी, तुमच्या प्रश्नाला 'औदुंबर'नंच उत्तर देतो. पाठ असेलच, तरी ओळीओळीनं चला. पहिल्या दोन ओळींत दोन्ही तटांवरची हिरवळ आणि निळासावळा झरा. मग टेकडीकडे चार घरांचं गाव, पुढे शेतमळ्यांची गर्दी. मग पांढरी पायवाट, अडवीतिडवी, हिरव्या कुरणांतून काळ्या डोहाकडे निघालेली. शेवटी डोह आणि झाड.

रंग बघा: हिरवा, निळा, पुन्हा हिरवा, पांढरा, मग काळा आणि शेवटपर्यंत काळाच. हालचाल बघा: झरा वाहतो, वाट चालते, काळिमा पसरतो आणि झाड बसतं. वेग उतरत उतरत थांबतो. आता माणूस शोधा. घरं आहेत, मळे आहेत, वाट आहे, म्हणजे माणसांनी केलेलं सगळं आहे. माणूस एकही नाही. पायवाट आहे आणि आठ ओळींत पाय आहेत ते फक्त झाडाला. तेही पाण्यात टाकून बसलेले, कुठे जायची घाई नसलेले.

एवढं बघायला ना धरणगाव लागलं ना भादली. आणि 'काळिमा' इथे 'गोड' म्हटलाय. डोहाला मरण म्हणायचं असेल तर आधी त्या गोडव्याचं काय ते सांगावं लागतं. शाळेतल्या गाइडांत बहुधा हा शब्द सोडून पुढे जातात.

चरित्र तुम्हाला घटना सांगतं, त्या सांगून झाल्या की संपतात. ही कविता वाचून संपत नाही, एवढाच माझा दावा. रोज एकदा मोठ्यानं वाचायची, आठवडाभर. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कंटाळा येतो. त्याच्यापुढे रेटलं की वर लिहिलंय तसलं काहीतरी दिसू लागतं.

अवखळ_आजी

पाय झाडालाच, हे आवडलं. पण भांडणं कर्ज वगैरे मी सोडणार नाही.

खानदेशी_खिचडी

+१ दोघांनाही.

कंदील

चरित्राच्या बाजूनंही बोलायला हवं. काफ्काचं वडिलांना लिहिलेलं पत्र घ्या. नोव्हेंबर १९१९ मध्ये लिहिलं, हस्तलिखित शंभरावर पानांचं, वडिलांच्या हाती कधी पडलंच नाही. नुसतं पत्र वाचलं तर वडील राक्षस ठरतात. पण काफ्कानंच आपल्या मैत्रिणीला, मिलेनाला लिहिताना त्याला वकिली पत्र म्हटलंय, त्यातल्या वकिली क्लृप्त्यांसकट. हे चरित्रातून कळतं आणि मग तेच पत्र पुरावा म्हणून न वाचता रचना म्हणून वाचता येतं: आरोप कसा मांडलाय, शेवटी वडिलांनाच उत्तर द्यायला कसं उभं केलंय. इथे चरित्रानं वाचन अरुंद केलं नाही, उलट मोकळं केलं.

जाता जाता, राइनर श्टाख यांचं काफ्काचरित्र तीन खंडांचं आहे: २००२, २००८, २०१४. बालपणाचा खंड सर्वांत शेवटी. कारण त्या काळाची कागदपत्रं काफ्काचा मित्र माक्स ब्रोड याच्या संग्रहात होती आणि तो संग्रह इस्रायलमध्ये कोर्टकज्ज्यात अडकला होता. तेव्हा बहुखंडी चरित्र घेताना प्रकाशनाचा क्रम आणि आयुष्याचा क्रम एकच आहे का, ते बघून घ्या.

कावेरी_काठ

दोस्तोव्हस्कीचंही इथेच टाकते. फ्रॉइडनं १९२८ मध्ये मांडलं की त्याची अपस्मारासारखी दुखणी मानसिक होती आणि मूळ वडिलांच्या मृत्यूत. वाचायला इतकं झकास की पुढच्या कित्येकांनी तेच उचललं. जोसेफ फ्रँक यांच्या पाच खंडी दोस्तोव्हस्कीचरित्राच्या पहिल्याच खंडात (१९७६) एक परिशिष्ट आहे, त्यात हा सिद्धांत तारखा आणि साक्षी तपासून मोडून काढलाय. खंड जाड आहेत, पण ते परिशिष्ट आधी वाचा. पुराव्याशी कसं भांडावं याचा नमुना आहे.

जुनी_बाइंडिंग

मूळ प्रश्नाकडे. बालकवींच्या कविता कालक्रमानं लावायच्या असतील तर संग्रहातला क्रम हा लेखनाचा क्रम समजू नका. संपादक विषयवार लावतात. कविता पहिल्यांदा कुठल्या मासिकात आली ते शोधावं. 'मनोरंजन'सारख्या मासिकाचा अंक सापडला तर 'या तारखेच्या आधी लिहिलेली' एवढं तरी पक्कं होतं. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय किंवा ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय, दोन्हीकडे जुन्या नियतकालिकांची चौकशी करा. जाताना महिना-वर्षाचा अंदाज घेऊन जा, नुसतं 'बालकवी' म्हणून काही हाती लागत नाही. बांधीव खंडांत मुखपृष्ठं आणि जाहिराती बऱ्याचदा काढलेल्या असतात, त्यामुळे अंकाचा महिना आतल्या शीर्षओळीवरून लावावा लागतो. कागद ठिसूळ असतो; पान कोपऱ्यानं उलटू नका, तळहात खाली सरकवा.

पुढचा कवी केशवसुत घेणार असाल तर आधीच सांगतो. जन्मतारखेवरच मतभेद आहेत, १५ मार्च १८६६ की ७ ऑक्टोबर १८६६. छायाचित्र उपलब्ध नाही. जे दिसतं ते कल्पनाचित्र. मृत्यू ७ नोव्हेंबर १९०५, हुबळीत, प्लेगनं. कविता पुस्तकरूपानं निघाल्या तेव्हा कवी नव्हता.

अडगळ

जन्मतारीख नक्की नाही, फोटो नाही, तरी 'तुतारी' ऐकू येतेच आहे. पाणवठा यांचा मुद्दा फुकटात सिद्ध.

शेवगा

एक सावधगिरी. चरित्रात्मक कादंबरीला चरित्र समजून उतारे टाकणाऱ्यांची कमी नाही. 'आनंदी गोपाळ' (१९६८) ही श्री. ज. जोशींची कादंबरी. आनंदीबाई गेल्या २६ फेब्रुवारी १८८७ ला, आणि काशीबाई कानिटकरांनी लिहिलेलं त्यांचं चरित्र १८८९चं आहे. दोन्ही वाचावीत, पण कादंबरीतले संवाद 'गोपाळराव असं म्हणाले' म्हणून चर्चेत आणू नयेत. ओळखायची सोपी खूण: बंद खोलीत दोघांतच झालेलं बोलणं अवतरणचिन्हांत आलं, खाली पत्राचा किंवा रोजनिशीचा हवाला नाही, तर तो लेखकाचा हात.

वाळा

जी. ए. कुलकर्णींचा विषय कसा निघाला नाही? ज्या माणसानं धारवाडात राहून आयुष्यभर स्वतःला लोकांच्या नजरेआड ठेवलं, 'काजळमाया'ला मिळालेला साहित्य अकादमी पुरस्कार परत केला, त्याची पत्रं, १९८७ मध्ये तो गेल्यानंतर, खंडच्या खंड छापून आली. वाचावीत की नाही? मला हे पटत नाही. कथा आहेत ना समोर.

कावेरी_काठ

@वाळा, पत्रं छापू नयेत असं म्हणणं समजू शकते, पण एकदा छापल्यावर न वाचण्यात सोवळेपणाच जास्त. त्या पत्रांत ते काय वाचतात, कसं वाचतात, हे इतकं आहे की कथांपेक्षा वेगळाच मोठा वाचक भेटतो. वाचताना दोन्ही बाजू ठेवा: सुनीताबाई देशपांड्यांना लिहिलेली पत्रं पहिल्या खंडात आहेत, आणि सुनीताबाईंची त्यांना लिहिलेली 'प्रिय जी. ए.'मध्ये. एकाच बाजूची पत्रं वाचणं म्हणजे टेलिफोनवरचं अर्धं बोलणं. तारखा जुळवून आलटूनपालटून वाचा.

वाळा

तरी नाही पटलं. असो.

निंबोणी

सगळ्यांचे आभार. ठरलेलं असं: पहिले तीन आठवडे फक्त कविता, प्रस्तावना बंद. चौथ्यात 'स्मृतिचित्रे'मधला ठोमऱ्यांचा भाग. पाचवा-सहावा चरित्र, तीन रकान्यांच्या कागदासह. शेवटचे दोन आठवडे त्याच कविता पुन्हा. चरित्र-आधी गटातल्या दोघांना मुद्दाम उलट्या क्रमानं वाचायला लावणार आहोत, म्हणजे आठव्या आठवड्यात दोन्ही बाजूंच्या पेन्सिलनोंदी शेजारी ठेवता येतील. 'स्मृतिचित्रे'ची कुठली आवृत्ती घ्यावी?

तळटीप

टीपांसह असलेली संपूर्ण आवृत्ती घ्या. संक्षिप्त नको, शालेय तर अजिबात नको. आणि त्या दोघांना 'औदुंबर' सर्वांत आधी देऊ नका, ती बहुतेकांना शाळेपासून पाठ असते. कमी परिचयाची कविता द्या, तरच क्रमाचा फरक दिसेल.

खानदेशी_खिचडी

भादलीची सहल काढणार असाल तर पॅसेंजर बघा, एक्सप्रेस थांबत नाहीत. आणि रूळ पुलावरूनच ओलांडा रे बाबांनो.